वाघमाळची खोल माती

चिक्की विकत घेऊन ती तोंडात टाकायच्या आधी मोडून तिची तुटलेली कड न्याहाळणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. लोणावळ्याच्या बाजारात शनिवारची गर्दी, मागे पर्यटकांची रांग खोळंबलेली, आणि उपासनी मॅडम दुकानदाराच्या डोळ्यांदेखत चिक्कीचा तुकडा उन्हात धरून मला सांगतायत, "बघा, कशी कोनात तुटली. चांगली चिकणमाती अगदी अशीच तुटते." चिक्कीला माती म्हटलेलं दुकानदाराला नीट ऐकू गेलं होतं. त्याचा चेहरा बघून मी घाईघाईने आणखी पाव किलो घेतली.

मॅडम माती सर्वेक्षणाच्या कचेरीत शास्त्रज्ञ होत्या आणि मी त्याच कचेरीत नकाशे काढायचो. म्हणजे त्या खड्ड्यात उतरून माती बघणार, तिचा वर्ग ठरवणार, आणि मी नकाशावर त्या जागी रंग भरणार. आम्ही दोघंही तळेगावचे, त्यामुळे मावळातलं काम निघालं की एकाच जीपने जायचो. मॅडमच्या अंगात ढगळ शर्ट, डोक्याला उन्हाची टोपी, पायात पुरुषांच्या दुकानातून घेतलेले घोट्याच्या वर येणारे बूट. गावोगावच्या बायका त्यांच्याकडे आधी बुटांपासून बघायला सुरुवात करत. मॅडमना त्याचं काही नव्हतं. त्या कुणाच्याच चेहऱ्याकडे फारसं बघत नसत, जमिनीकडे बघत.

त्यांच्या घराच्या गॅलरीत ओळीने कुंड्या होत्या आणि एकाही कुंडीत झाड नव्हतं. नुसती माती. एकीत भाजे गावची, एकीत इंदुरीची, एकीत पवनेच्या काठची. मी एकदा विचारलं, "मॅडम, एखादी तुळस तरी?" तर म्हणाल्या, "झाड आलं की लोक झाडाकडे बघतात हो." मातीला आई म्हटलेलं त्यांना खपत नसे. भाषणात कुणी 'काळी आई' म्हणालं की त्या शेजारच्याला ऐकू जाईल अशा आवाजात पुटपुटत, "आईला कुणी ढेकूळ फोडून बघतं का?"

माती बघायची त्यांची रीत ठरलेली. चिमूटभर माती तळहातावर घ्यायची, बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकायचे, पाणी नसेल तर सरळ थुंकी लावायची, मळायची आणि अंगठ्याने पुढे ढकलत तिची फीत काढायची. फीत जितकी लांब निघेल तितकी माती चिकण. मग ढेकूळ मोडून रंगांच्या पुस्तकातल्या चौकोनांशी ताडून बघायचं. हे सगळं होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. एका लग्नात पुरण वाटणाऱ्या बायकांमध्ये बसून त्यांनी पुरणाचीही फीत काढली होती आणि "यात वाळूच नाही" असं समाधानाने म्हणाल्या होत्या.

बरोबर असण्याचा त्यांना भारी सोस होता. इंदुरीला एका बागायतदाराने आपली जमीन "काळीभोर" आहे असं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "काळी नाही. गडद तपकिरी." तो हसला. झालं! मॅडमनी त्याला उन्हात उभं केलं, रंगांचं पुस्तक हातात दिलं आणि ढेकूळ एकेका चौकोनाला लावायला लावलं. आजूबाजूची माणसं जमली, कुणी मोबाईलवर फोटो काढू लागलं, बागायतदाराचे कान लाल झाले, पण तो स्वतःच्या तोंडाने "तपकिरी" म्हणेपर्यंत मॅडमनी त्याला सोडलं नाही. परतताना मी म्हणालो, "एवढं कशाला ताणलंत? माणूस चारचौघांत शरमला." तर म्हणाल्या, "शरमला तर शरमला. माती तर कळली त्याला." हाताखालच्या पोरांचंही तेच. कुणाच्या अहवालात 'बहुधा' हा शब्द सापडला की त्याला सगळ्यांसमोर खड्ड्यात उतरवत आणि वरून म्हणत, "दिसलं ते लिहा. वाटलं ते घरी ठेवा."

आणि एक नियम. कचेरीत नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी तो ऐकायचाच: "मालक बोट दाखवेल तिथे खणायचं नाही." कारण मालक कधी आपली उत्तम जमीन दाखवतो, कधी सवलत हवी म्हणून वाईटातली वाईट दाखवतो, पण सरासरी जमीन कुठला मालक दाखवत नाही. हा नियम त्यांनी माझ्यासमोर एकदाच मोडला. ते वाघमाळला.

कुरवंड्याच्या वर सडा, म्हणजे कातळाचं पठार आहे, त्या सड्यावर वाघमाळ नावाची वाडी आहे. मावळात अशा उंच जमिनीला वरकस म्हणतात. खाली ओढ्याकाठी भाताची खाचरं आणि वर या वरकसावर नाचणी, वरई. माती तांबडी, पण बहुतेक ठिकाणी पातळ. कुदळ मारली की ढोपराएवढ्या खोलीवर मुरूम. मॅडमचं म्हणणं असं होतं की या सड्यांवर कुठेतरी खोल माती शिल्लक असणारच, वाहून न गेलेली, जुनी, मुरलेली. ती शोधण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली होती. त्यांच्या शास्त्रात मातीच्या प्रकाराला, ती पहिल्यांदा जिथे सापडते त्या गावाचं नाव देतात. शोधणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही. तरी आपण शोधलेलं एक नाव त्या यादीत असावं ही इच्छा त्यांना होती. बोलल्या नव्हत्या, पण मला माहीत होतं.

त्या दिवशी मी जागांच्या खुणा नोंदवायला बरोबर होतो. सड्याच्या कडेला खणलेला पहिला खड्डा लगेच मुरमाला लागला. "कडेची माती वाहून जाते," मॅडम म्हणाल्या. मग आणखी पुढे जमिनीत फिरवून माती काढायचा गिरमिट लावला, तो थोडा आत जाऊन अडला. "सुटे दगड असतील," मॅडम म्हणाल्या. हे दोन्ही त्यांच्या तोंडी न शोभणारं होतं. इतक्यात बबनआबा आले. वाडीतले मोठे शेतकरी, धोतर, डोक्याला मफलर, हातात आमच्यासाठी ताकाची कासंडी.

"बाई, तितं काय खनताय धोंड्यात? हिकडं या. आमचं मळईचं, मऊ मातीचं वावर बगा की!"

आबांनी बोट दाखवलं आणि मॅडम निघाल्या. ताकाचा पेला हातात घेऊन निघाल्या.

त्या वावरात कुदळ अशी गेली की मजुरांनी एकमेकांकडे बघितलं. कमरेएवढा खड्डा झाला, छातीएवढा झाला, माती संपेना. वरपासून खालपर्यंत एकसारखी तांबडी, ओली केली की लांब फीत देणारी, मोडली की कोनात मोडणारी. पाणी साचून राहणाऱ्या जमिनीत खाली करडे, गंजके ठिपके दिसतात, त्यातला एकही नाही. म्हणजे चिकण असूनही पाण्याला वाट देणारी. मॅडम खड्ड्यात उतरून मातीच्या भिंतीवर हात ठेवून किती वेळ उभ्या होत्या. वर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि पुढेही कधी नाही. "हवी तेवढी खोली मिळाली, थांबवा," त्या मजुरांना म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "लिहा. वाघमाळ. उंचावरची, खोल, उत्तम निचऱ्याची चिकणमाती."

मी संगणकावर सगळ्या सड्याला एकच विटकरी रंग दिला. वरून बघितलं तर सगळीकडे माती तशीच तांबडी होतीच. नकाशा छापला गेला, मॅडमचा निबंध परिषदेत वाचला गेला, आणि यादीत वाघमाळ हे नाव चढलं. वाडीत तर कौतुकाचा पूर आला. देवळात नकाशा चिकटवला. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "सरकारच्या कागदात आमचं वावर हाय!" पुढे फळबागांची योजना आली. सड्याची माती खोल, निचरा उत्तम, म्हणून कुटुंबागणिक आंब्याची कलमं दिली. लोकांनी नाचणीची जमीन अडवून ती लावली.

दोन पावसाळे झाडं जोमात होती. तिसऱ्या वर्षापासून पिवळी पडायला लागली. मग वाळायला लागली, ती आधी हौसाबाईंची.

हौसाबाईंचं वावर सड्यावर सगळ्यात उंचावर. नवरा वारलेला, मुलगी दिलेली, एकटी बाई. डोक्यावर हंडे नेऊन कलमांना पाणी घालायची. वाडीत तिचा एक मान होता. आवणीला, म्हणजे भाताची रोपं चिखलात लावायला सुरुवात होते तेव्हा, पहिली जुडी लावायला बायका हौसाबाईला बोलवायच्या. तिच्या हाताला यश आहे असा समज होता. चार-पाच घरची आवणी तिच्या हाताशिवाय सुरू होत नसे. तिला याचा केवढा अभिमान होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

कलमं वाळल्याची तक्रार आली म्हणून आम्ही वाघमाळला गेलो. मारुतीच्या देवळापुढे सगळी वाडी जमली होती. कृषी खात्याचे साहेब होते, आबा पहिल्या रांगेत होते. मॅडम उभ्या राहिल्या.

"सगळ्यात जास्त झाडं कुणाची गेली?"

हौसाबाई उठून उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला.

"पाणी घालत होतात?"

"घालती की. डोईवरनं हंडं वाहती."

"खत?"

"श्यान घातलंय, बाई. जेवडं हुतं तेवडं."

"मावशी, माती खोटं बोलत नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज इंदुरीतलाच. "इथली माती छातीभर खोल आहे. मी स्वतः उतरून बघितली आहे. अशा मातीत झाड मरतं ते एकाच कारणाने. हयगय. झाडामागे हिंडलं पाहिजे, नुसतं लावून चालत नाही."

मागून कुणीतरी हसलं. हौसाबाई काही बोलणार होती, पण बसली. आबा जमिनीकडे बघत होते. मी टेबलावर नकाशा पसरून उभा होतो, विटकरी रंगाचा, आणि मला वाटलं मॅडम बरोबरच बोलतायत. पुढे इतरांचीही झाडं गेली, पण वाडीला तोवर गोष्ट मिळालेली होती: हौसाच्या वावरातनं कीड सुरू झाली, हौसाचा हात उतरला.

यानंतर बराच काळ आम्ही वाघमाळला जायचो ते फक्त आबांच्या वावरात. दर हिवाळ्यात कृषी महाविद्यालयाची मुलं यायची आणि मॅडम त्यांना तो खड्डा दाखवायच्या. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते त्या वर्षी खड्ड्याची एक बाजू ढासळली होती, म्हणून मजुरांनी नवी भिंत तासली. मॅडम कडेवर उभ्या राहून शिकवत होत्या.

"काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. हात जाईल अशा भेगा. वरचं काहीही त्या भेगांतून खाली जातं. मी काळ्या मातीत खोलवर चपलेचा पट्टा पाहिला आहे. ही तांबडी चिकणमाती तसं करत नाही. ही भेगाळत नाही, काही गिळत नाही. वरचं ते वर, खालचं ते खाली."

एक मुलगी खड्ड्यात उतरून भिंत खरवडत होती. तिच्या हाताला काही लागलं. तिने ते ओढून काढलं, पुसलं आणि वर धरलं. मंगलोरी कौलाचा तुकडा होता. तिच्या खांद्याच्याही खालून निघालेला.

"मॅडम, मग हे कसं गेलं?"

तिच्या आवाजात खवचटपणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

मॅडमनी हात पुढे केला. तुकडा घेतला, उलटा केला, कौलाची खाच अंगठ्याने चाचपली. मग त्या खड्ड्यात उतरल्या. मजुराच्या हातून कुदळ घेतली आणि तळाशी खणायला लागल्या. त्या वयात त्यांना असं खणताना बघून मुलं खड्ड्याच्या कडेला गोळा झाली. मी म्हणालो, "मॅडम, मजूर आहेत ना," पण त्यांनी ऐकलं नाही. आणखी एक कौल निघालं, मग बांगडीची काच. मग कुदळ खणकन वाजली. मॅडमनी हाताने माती बाजूला केली, बाटलीतलं पाणी ओतलं. खाली सपाट काळा कातळ होता आणि त्यावर छिन्नीच्या रेघा होत्या, ओळीने.

ती दगडाची जुनी खाण होती. इथला दगड कधीतरी खाली लोणावळ्याच्या बंगल्यांना गेला होता आणि खाणीचा खड्डा लोकांनी मातीने भरून काढला होता.

मॅडम खाली उकिडव्या बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "लिहून घ्या. ही माती इथे तयार झालेली नाही, माणसांनी आणून टाकलेली आहे. सड्यावर अशी माती नाही. वाघमाळ नावाचा प्रकार अस्तित्वात नाही. ज्यांनी तो ठरवला त्यांनी तळ गाठला नव्हता." मुलांनी लिहून घेतलं. कुणी वर मान केली नाही.

आबा बांधावर उभे होते. त्यांनी मफलर काढून हातात घेतला होता.

"आबा, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय," आबा म्हणाले. "माजा बा आन् चुलता, दोगांनी भरलं ह्ये वावर. पाट्यांनी माती वाहिली. घराची कौलं बदलली तवा फुटकी बी हितंच टाकली."

"मग मला त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"तुमी तळेगावास्नं आलता, बाई. उनाचं धोंड्यात खनत हुता. पावन्याला कोन फाटकं घोंगडं आंथरतंय? चांगलं हुतं त्ये दावलं." आबा थांबले. "मला काय ठावं समद्या माळाचं नाव त्यावरनं लागंल म्हनून?"

"आणि हौसाबाईंना मी बोलले तेव्हा? तुम्ही समोर होतात."

आबांनी हातातल्या मफलरला गाठ मारली आणि सोडली. "सांगनार हुतो. पन देवळात नकाशा लागल्याला. पै-पावन्यास्नी सांगून बसल्यालो. लाज वाटली. आता हौसाला पयल्या जुडीला कुनी बोलवत न्हाई, बाई. आमच्या घरात बी न्हाई."

तेव्हा मॅडमना त्या मानाविषयी कळलं. मलाही.

परतताना जीपमध्ये कौलाचा तुकडा मॅडमच्या मांडीवर होता. सोमाटण्याला ड्रायव्हरने चहासाठी गाडी थांबवली तर त्या उतरल्या नाहीत. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एवढी वर्षं ज्यांनी लोकांना उन्हात उभं केलं, त्यांना आता कोण उभं करणार होतं? खरं सांगायचं तर क्षणभर मनात आलं, बरं झालं. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

कचेरीत साहेबांनी समजूत घातली. "मॅडम, जाताना कशाला? पुढच्या आवृत्तीत एक तळटीप टाकू. असं होतं सर्वेक्षणात." मॅडमनी तळटीप नको म्हणून सांगितलं. त्यांनी स्वतः पत्र लिहून ते नाव रद्द करायला लावलं, आणि चूक कशी झाली ते त्यात स्वच्छ लिहिलं: जागा मालकाच्या सांगण्यावरून निवडली आणि तळ गाठला नाही. सड्याचा विटकरी रंग मी काढून टाकला. त्याला एक क्लिक पुरली. मॅडम माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. "एवढंच?" त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "एवढंच."

मग त्या हौसाबाईकडे गेल्या. मी बरोबर होतो कारण त्यांना एकटीने जायचा धीर नव्हता, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. हौसाबाईने घोंगडी आंथरली, गवती चहा टाकून चहा केला. मॅडमनी तोंड उघडलं की ती "साकर पुरं हाय का?" विचारायची, नाहीतर बाहेर कोंबड्या हाकायला जायची. शेवटी मॅडम तिच्या मागे अंगणात गेल्या आणि म्हणाल्या, "मावशी, चूक माझी होती. तुमच्या वावरात मातीच नव्हती. तुमची हयगय नव्हती."

"जुनं झालं त्ये, बाई," हौसाबाई म्हणाली. कोंबडीकडे बघत म्हणाली. वाळलेली कलमं तिने कधीच उपटून जाळली होती.

परत येताना मॅडम म्हणाल्या, "घरात येऊन माफी मागणं सोपं होतं. बोलले होते चव्हाट्यावर."

म्हणून त्यांनी पुन्हा सगळ्यांना देवळापुढे जमवलं. या वेळी नकाशा नव्हता. मॅडम टोपी काढून उभ्या राहिल्या, आणि इतक्या हळू बोलल्या की मागच्यांना पुढे सरकावं लागलं. माती पातळ आहे, झाडं त्यामुळे गेली, मी तपासलं नाही आणि वर एका कष्टाळू बाईला नावं ठेवली, असं सगळं बोलल्या. लोकांना काय करावं कळेना. आपल्याकडे मोठ्या माणसाने असं उघडं पडलं की ऐकणाऱ्यालाच ओशाळं होतं. सरपंच म्हणाले, "मॅडम, तुमी मोटी मानसं, सोडून द्या." एका पोराने बसायला खुर्ची आणली. आबा उठले आणि "निम्मी चूक माजी हाय" एवढंच म्हणून बसले. मॅडमची नजर बायकांच्या घोळक्यात फिरत होती. हौसाबाई आलीच नव्हती. म्हैस धारेला आली होती असा तिचा निरोप होता.

निघताना आबा जीपपाशी आले. "येत्या आवणीला या, बाई. पयली जुडी तुमच्या हातची. मग माजं बी मन हलकं हुईल."

मॅडम "येते" म्हणाल्या. त्या असं मान स्वीकारतील असं मला वाटलं नव्हतं. मनातून मी जरा नाराजच झालो.

आवणीच्या दिवशी ओढ्याकाठच्या आबांच्या खाचरात चिखल तयार होता. पाऊस धुक्यासारखा उतरत होता. बायका कासोटा घालून, डोक्यावर इरली आणि प्लॅस्टिकचे कागद घेऊन ओळीत उभ्या होत्या. हौसाबाईही होती, मजुरीला आलेली, ओळीच्या पार टोकाला. मॅडम तेव्हा निवृत्त झाल्या होत्या, पण पायात तेच बूट होते. आबांच्या कारभारणीने मॅडमना हळदकुंकू लावलं आणि रोपांची जुडी हातात दिली.

मॅडम बांधावर क्षणभर थांबल्या. मग बुटांसकट खाचरात उतरल्या. बूट चिखलात रुतत होते, काढताना आवाज करत होते, एकदा त्यांचा तोल गेला. पहिल्या बाईपाशी नाही थांबल्या, दुसरीपाशी नाही. सगळी ओळ ओलांडून हौसाबाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी जुडी पुढे केली.

"मावशी, ही तुमची आहे. माझी नाही."

हौसाबाईने जुडीकडे बघितलं. घेतली नाही. पाऊस तिच्या प्लॅस्टिकच्या कागदावर वाजत होता. बांधावर आबा उभे होते. मॅडमनी हात खाली घेतले नाहीत.

"बाई, माज्या हाताचा मलाच भरोसा ऱ्हायला न्हाई आता," हौसाबाई म्हणाली. साधंच म्हणाली, तक्रार नव्हती त्यात.

मॅडमचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मी सांगू शकत नाही. तेवढं बघून मी मान फिरवली.

पुन्हा वळून बघितलं तेव्हा हौसाबाईने जुडी घेतली होती. तिने ती सोडली, रोपं अर्धी केली आणि अर्धी मॅडमच्या हातात परत कोंबली.

"धरा. दोगी लावू. उद्या पीक बिगडलं, तर एकटीचं माजं नाव नको."

कुणी हसलं नाही. मॅडमनी रोपं घेतली, चिखलात रुतलेल्या बुटांसकट तिच्या शेजारी उभ्या राहिल्या, आणि ती वाकली तशा वाकल्या.